आरोपी आणि गुन्हेगार

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील गोष्टींत एक प्रसंग वारंवार आढळतो. घोडा चोरल्याच्या संशयावरून एक इसम पकडला गेला आहे. संतापलेले गावकरी दोर घेऊन तुरुंगाच्या दाराशी जमले आहेत. आणि तेथील अधिकारी, म्हणजे शेरीफ, दार अडवून एकटा उभा आहे. त्या ओसाड मुलुखात घोडा गेला की शेती व प्रवास दोन्ही खुंटत, कित्येकदा जीवावरही बेतत असे. न्यायालय तर कित्येक कोस दूर. तेव्हा लोकांचा राग अनाठायी होता, असे म्हणता येणार नाही. मग शेरीफाने चोराची बाजू का घ्यावी?

त्याने चोराची बाजू घेतलीच नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्याच्यावर आळ आला आहे तो आरोपी, आणि ज्याच्यावरील आळ पुराव्याने सिद्ध झाला तो गुन्हेगार. या दोन शब्दांमध्ये एक वाट आहे. तपास, साक्षी, वकिलांचे म्हणणे आणि न्यायाधीशांचा निकाल हे तिच्यावरील टप्पे होत. दारात उभा असलेला अधिकारी ही वाट राखतो. कारण जमावाच्या हाती सापडलेला निरपराधी आणि अपराधी हे दोघेही सारखेच दिसतात.

मुंबईतही इंग्रजी अमदानीत शेरीफाचे पद होते. पुढे ते नगरपाल या नावाने केवळ मानाचे राहिले. आपल्याकडे दार राखण्याचे काम पोलिसांकडे आहे. ते किती मोलाचे आहे, हे १ जुलै २०१८ या एकाच दिवशी महाराष्ट्रात घडलेल्या दोन घटनांवरून कळून येते.

त्या वेळी मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे त्या रविवारी बाजार भरला होता. तेथे भिक्षेवर पोट भरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच परगावचे पुरुष आले होते. त्यांच्यावर संशय घेण्यात आला. जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि तेथेच ठार मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावात तशाच संशयावरून एक भिक्षेकरी कुटुंब जमावाच्या तावडीत सापडले. त्या पाच जणांत दोन वर्षांचे एक मूलही होते. काही रहिवाशांनी त्यांना घरात आसरा दिला व पोलिसांना कळविले. बाहेर जमाव वाढत गेला आणि त्यांना आमच्या स्वाधीन करा, असा आग्रह धरू लागला. पोलिसांनी तो मानला नाही. पाचही जीव वाचले. एका ठिकाणी दार राखले गेले, दुसऱ्या ठिकाणी नाही, अंतर एवढेच.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "परंतु आरोपी खरोखरच दुष्ट असला तर?" या प्रश्नाला बगल देणे योग्य नव्हे. नागपुरात कस्तुरबानगर वस्तीला छळणारा अक्कू यादव नावाचा गुंड १३ ऑगस्ट २००४ रोजी न्यायालयाच्या दालनातच जमावाच्या हातून मारला गेला. त्या जमावात बहुतांशी वस्तीतील स्त्रिया होत्या. आमच्या तक्रारींची दाद वर्षानुवर्षे घेतली गेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे दुःख कोणीही हलके लेखू नये. न्याय झोपी गेला म्हणजे जमाव जागा होतो. तरीही त्या दिवशी काय गमावले, तेही पाहावे. त्याच्यावरील आरोपांचा निकाल लागला नाही, आणि त्याला कोणाचे अभय होते, हे त्याच्याकडून वदवून घेण्याची संधी कायमची गेली. निजलेल्या न्यायाला हलवून जागे करणे हाच त्यावरील उपाय होय.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. राईनपाड्याच्या खटल्यात २०२४ साली सात जणांना जन्मठेप झाली. या आरोपींना वकील मिळाला, साक्षीदारांची उलटतपासणी करता आली, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. त्या पाच भिक्षेकऱ्यांना जे नाकारले गेले, ते सर्व त्यांना मिळाले. आणि ते मिळावयासच हवे होते. कायद्याचे थोरपण यातच आहे.

आपल्या संविधानाच्या २१व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याने ठरविलेल्या पद्धतीवाचून कोणाचेही जीवित हिरावून घेता येत नाही. २२व्या अनुच्छेदाप्रमाणे अटक केलेल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे आपल्या डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास सामान्य नागरिकही पकडू शकतो. मात्र विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. पकडण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाही.

हा धडा दूरच्या गावांपुरता नाही. घाटकोपर किंवा अंधेरी स्थानकाच्या गर्दीत, बोरिवलीच्या बाजारात, मुलुंडच्या एखाद्या चाळीत "चोर! चोर!" अशी हाक उठते आणि क्षणार्धात वीस हात वर होतात. त्यांतील बहुतेकांनी चोरी पाहिलेली नसते. अशा वेळी विद्यार्थ्यांनी गर्दीत न शिरता ११२ या क्रमांकावर कळवावे, अथवा जवळच्या पोलिसाला किंवा वडीलधाऱ्या माणसाला बोलवावे. ऐकीव बातमी पुढे धाडू नये. पालकांनीही घरी बोलताना, पकडला गेला म्हणजे चोरच असणार, असे म्हणू नये; मुले न्यायाचा पहिला पाठ घरातच शिकतात.

जमावातील प्रत्येकाला वाटते, आपण एकच तडाखा दिला. परंतु मरणारा त्या सर्व तडाख्यांनी मरतो. म्हणून आपला हात खाली ठेवणे, ही प्रत्येकाने राखावयाची पहिली चौकी होय.