पडवीतला जनरेटर

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन तालुक्यात दोन गोष्टींना सोन्याचा भाव आला: पत्रे आणि जनरेटर. सुपारीच्या बागा तारांवर आडव्या झालेल्या, खांब उन्मळलेले. कित्येक गावांत महिना उलटला तरी लाइट नव्हती. काळोखाचं एवढं काही नाही, कंदिलावर अभ्यास करून आम्ही मोठे झालो. पण पाणी विहिरीत, विहिरीवर मोटर आणि रहाट कधीच मोडीत गेलेला. मी वायरमन. त्या दिवसांत घरोघरी जनरेटर जोडून देत होतो, आणि लोकांनी स्वतःच जोडलेले सोडवतही होतो.

त्यातलं एक घर विसरता येत नाही. वायरच्या दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं माजघरातल्या सॉकेटमध्ये. दिवे लागले, मंडळी खूश. पण मेन स्विच चालूच होता, म्हणजे वीज मीटरमधून उलटी खांबावर निघालेली. एरवी अख्ख्या आळीचा भार येऊन असला लहान जनरेटर लगेच बंद पडतो. इथे पुढच्या तारा तुटलेल्या, म्हणून तो निवांत चालला होता. आणि दोन घरं सोडून, बाहेरच्या जिल्ह्यातून मदतीला आलेला एक लाइनमन खांबावर चढायच्या बेतात. चढण्याआधी त्याने तार तपासली म्हणून वाचला. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "अहो, तारेत लाइटच नाही, मग मेन कशाला बंद करायचा?" उलटी वीज डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, पोचली असती, तर डीपीने तिचे हजारो व्होल्ट करून पुढच्या लाइनवर सोडले असते.

तेव्हा मीटरनंतर चेंजओव्हर बसवून घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, मेनकडे किंवा जनरेटरकडे. "मेन बंद केला की झालं" म्हणणारे भेटतील. घाईत, अंधारात मेन राहून जातो, हे मी पाहिलंय. चेंजओव्हर नसेल, तर घराच्या वायरिंगला हात न लावता मोटर किंवा फ्रिज जाड वायरने थेट जनरेटरला लावा.

धुराची भीती तर कुणालाच वाटत नाही. भिजू नये, चोरीला जाऊ नये म्हणून जनरेटर पडवीत घेतात, वर ताडपत्री सोडतात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं. घरचे म्हणतात पित्त झालं. झोपेत असलेल्याला तेवढंही कळत नाही. खिडकी उघडून भागत नाही. परसात, घरापासून निदान २० फुटांवर ठेवा, सायलेन्सरचं तोंड घराकडे नको. वर चार बांबूंवर पत्रा, बाजू मोकळ्या. चोराची भीती असेल तर साखळीने माडाला बांधा.

केवढा घ्यायचा, हे मोटर ठरवते. १ एचपीची मोटर चालताना साधारण १ किलोवॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. लहान जनरेटरवर ती नुसती हूं करत तापते आणि वाइंडिंग जळतं. आधी एकटी मोटर लावा, टाकी भरली की फ्रिज. काही तास दिवे-पंख्यांपुरतंच हवं असेल तर जनरेटरच्या फंदात पडू नका, इन्व्हर्टर पुरे.

पेट्रोल मात्र इंजिन बंद करून, गार झाल्यावरच ओता. पावसाळा सरला की टाकी रिकामी करा आणि कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. नाहीतर शिळ्या पेट्रोलने कार्बोरेटर चोंदतो. मेअखेरीस एकदा मोटर लावून चालवून बघा. सुरू करायची दोरी तुटायची असेल तर तेव्हाच तुटू दे, बाजारात नवी मिळते.