पासपोर्टचं पान

सेलू, जि. परभणी
रविवार

चि. छोटी हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी ओरडतो आणि तू 'हो मामा, हो मामा' करून ठेवून देतेस. म्हणून कागदावर लिहितोय. फोटो काढून पाठवतो. अक्षर लागलं नाही तर लागेपर्यंत वाच.

परवा पुण्याहून दादाचा फोन आला. बोलता बोलता त्याच्या तोंडून गेलं की ईस्टरच्या सुट्टीत तू मिलानला निघालीस, 'लास्ट सपर'ची तिकिटं संपलीत आणि कुठल्याशा ग्रुपवरच्या माणसानं तुला एक तिकीट द्यायचं कबूल केलंय. दहापट पैसे घेऊन. पैशाचं मला फार नाही, पैसे जातात-येतात. पण तो म्हणाला, त्या माणसानं तुझ्या पासपोर्टच्या पानाचा फोटो मागितला आणि तू तो पाठवलास. की पाठवणार आहेस? दादाला नीट सांगता येईना. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. मामी म्हणते, ऐकीव गोष्टीवरून लेकराला बोलू नका. मी बोलणार.

अगं, तू इंजिनिअर ना? स्टुटगार्टला एवढी मोठी पदवी घ्यायलीस आणि तोंड न पाहिलेल्या माणसाच्या हातात पासपोर्ट देतेस? त्या तिकिटावर नाव असतं, दारात ओळखपत्राशी ताडून बघतात, हे खरं. म्हणजे नाव द्यावं लागेल. पण अख्खं पान कशाला? नंबर, जन्मतारीख, सही, सगळं त्या एका पानावर. पूर्णेच्या काकांचं आधारचं प्रकरण आठव. एक झेरॉक्स कुणाच्या हाती लागली, आणि न घेतलेल्या कर्जासाठी काका अजून खेपा घालतात. ते तरी आपल्या जिल्ह्यात होते. तुझा तिथं राहण्याचा परवाना त्याच वहीच्या भरवशावर आहे.

आणि समज, त्यानं दुसऱ्याच कुणाच्या नावाचं तिकीट पाठवलं. दारावरचा माणूस तुला परत फिरवेल, आणि तोवर हा गृहस्थ दुसरी छोटी शोधत असेल.

तिकिटं का संपतात हे तुला मी सांगावं लागू नये, पण सांगतो, कारण मास्तरकी सुटत नाही. लिओनार्दोनं ते चित्र 1495 ते 1498 च्या सुमारास सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या जेवणघरात काढलं. ओल्या गिलाव्यावर झटपट रंगवायचं तर मागे येऊन दुरुस्ती करता येत नाही, आणि या बाबाला तर पुन्हा पुन्हा बदलायची खोड. म्हणून त्यानं कोरड्या भिंतीवर काढलं. रंग धरला नाही. तो जिवंत असतानाच, 1517 साली, पाहून गेलेल्यानं चित्र बिघडत चालल्याचं लिहून ठेवलंय. 1652 मध्ये मठवाल्यांनी दार मोठं करायला म्हणून खालचा भाग फोडला, त्यात येशूचे पाय गेले. 1943 च्या ऑगस्टमध्ये बॉम्ब पडून जेवणघराची बाजू कोसळली. वाळूची पोती लावलेली होती म्हणून ही भिंत उभी राहिली. पुढे पिनिन ब्रांबिल्ला बार्चिलोन या बाईंनी 1978 पासून 1999 पर्यंत ती भिंत कणाकणानं साफ केली. एवढं सोसलेल्या भिंतीला माणसांचा श्वाससुद्धा बाधतो. म्हणून लहान लहान गट, एकामागून एक बंद होणारी दारं, आणि आत फक्त 15 मिनिटं. सोमवारी बंद. अजिंठाही सोमवारी बंद. चित्रांचा उपास दोन्हीकडे एकाच वारी.

म्हणजे तिकिटं मुळातच थोडी, आणि थोडी आहेत तिथं दलाल येणारच. रोमच्या कलोसियमची तिकिटं यंत्रांकरवी घाऊक उचलली जायची, साध्या माणसाला मिळायची नाहीत. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं 2025 मध्ये त्यावरून जवळजवळ 2 कोटी युरोंचा दंड ठोठावला. तेव्हा तुला मिळत नाही यात तुझा कमीपणा काही नाही. तू लाजून हा उद्योग करायलीस असं मला वाटतंय. बरोबरच्या मुलांनी आधीच काढली असतील आणि आपण राहिलो, हे सांगायची लाज.

सरळ मार्ग आहेत. रात्री चष्मा लावून मी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचत बसलो होतो, दादानं फोनवरून कुठं दाबायचं ते सांगितलं. तीन-तीन महिन्यांची तिकिटं एकदम खुली होतात, ती तुझी हुकली. पण दर बुधवारी दुपारी 12 ला पुढच्या आठवड्याची आणखी थोडी सोडतात. तू एकटी आहेस. चार जागा एकत्र मिळत नाहीत तिथं एखादी सुटी जागा सापडते. बुधवारी त्या वेळेला वर्गात असलीस तरी बाहेर ये. तेही नाही जमलं तर नोंदणी असलेल्या सहल कंपन्या वाटाड्यासकट तिकीट देतात. महाग पडतं, पण पावती मिळते आणि तुझ्या नावाचं मिळतं. त्यांना नाव दे. पासपोर्टचं पान त्यांनाही नको. पाठवलं नाहीस ना?

हे वेड तुला कुणी लावलं, हे मामी मला काल दोनदा विचारून गेली. तिला काय उत्तर देऊ? चित्रकलेच्या इंटरमिजिएटच्या पोरांना यथार्थदर्शन शिकवताना मी भिंतीवर त्याच चित्राचं कॅलेंडर टांगायचो, येशूच्या कपाळाच्या बाजूला खिळा ठोकायचो आणि सुतळ्या ताणायचो. छताच्या कड्या, बाजूचे पडदे, सगळ्या रेषा त्या खिळ्यावर येतात. सुतळीचं दुसरं टोक धरायला तू असायचीस, फ्रॉकमधली, आणि हात दुखला तरी सोडायची नाहीस. पुढे कुठल्याशा लेखात वाचलं की लिओनार्दोनंही तिथंच खिळा ठोकला होता. साफसफाईत भोक सापडलं. त्या दिवशी मी तुला शाळेतून बोलावून घेतलं होतं. वर्गशिक्षिका माझ्यावर चिडल्या होत्या.

मी औरंगाबादला ए.टी.डी. करत होतो तेव्हा वर्गातली मुलं अजिंठ्याला मुक्काम करून चित्रं उतरवायला गेली. मी गेलो नाही. तुझ्या आईच्या लग्नाची बोलणी चालू होती, घरी पैसे लागत होते. आणि मनाशी म्हटलं, अजिंठा कुठं पळून जातोय? मग नोकरी लागली, शाळेची सहल घेऊन गेलो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभा राहून मी पोरं मोजत होतो. दर वेळी एक कमी भरायचं. ते सापडलं, तोवर आमच्या गटाची वेळ संपली. निवृत्तीनंतर निवांत गेलो तर डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आत रंग जपायचे म्हणून उजेड मंद. पद्मपाणी तिथं आहे, एवढं कळलं. अजिंठा पळाला नाही, माझेच दिवस सरले. तेव्हा तुला जावंसं वाटतं ते मला कळतं. मला कळणार नाही तर कुणाला?

गंमत सांगतो. आपलं परभणी निजामाच्या राज्यात, अजिंठाही. 1920 ते 22 या काळात अजिंठ्याचे रंग पोपडे होऊन गळायला लागले म्हणून निजाम सरकारनं थेट इटलीतून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन जाणकार आणवले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला. वरून लाखेचं रोगण दिलं, ते पुढे पिवळं पडलं, ती वेगळी कथा. चिखलाच्या गिलाव्यावर, कोरड्यातच काढलेली ती चित्रं. दुखणं दोन्हीकडे जवळजवळ एकच. तेव्हा तिकडची माणसं आपल्याकडे आली होती, आता तू तिकडे.

दादानं आणखी एक सांगितलं, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तुला आत गेल्यावर व्हिडिओ लावून मला चित्र दाखवायचंय. म्हणून एवढी धडपड. हे ऐकल्यावर माझा निम्मा राग गेला. उरलेल्या निम्म्यावर हे पत्र लिहितोय. बाई माझे, ती 15 मिनिटं फोन धरून घालवू नकोस. मला दाखवू नकोस, तू बघ. नंतर सांग. तुला सांगता येतं, लहानपणी बाजारातून आलीस तरी तासभर सांगायचीस. आणि निघण्याआधी एकदा मागे वळ. समोरच्या भिंतीवर मोन्तोर्फानोचं क्रुसाचं चित्र आहे, 1495 चं. ते ओल्या गिलाव्यावर काढलेलं, म्हणून पुष्कळ चांगलं टिकलंय. त्याच्याकडे सगळे पाठ करून उभे असतात. त्या बिचाऱ्यालाही बघ.

नाहीच मिळालं तिकीट, तर आंब्रोसियाना संग्रहालयात जा. राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स'चं कोळशानं केलेलं भिंतीएवढं रेखाटन आहे तिथं. रंग नाही काही नाही, नुसता हात. मला विचारशील तर मी आधी तेच बघायला गेलो असतो. आणि स्फोर्झा किल्ल्यात मायकेलअँजेलोनं मरेपर्यंत हातातून न सोडलेली 'पिएता' मूर्ती आहे, अर्धवटच. ती पाहताना घाई करू नकोस.

इथं ऊन वाढलंय, दुपारी दार उघडवत नाही. मामीनं शेंगदाण्याची चटणी आणि उडदाचे पापड करून ठेवलेत, दादाच्या मित्राबरोबर पाठवू. तिकडच्या थंडीत स्वेटर घालत जा.

पान पाठवलं असशील तर त्या माणसाशी आजच बोलणं बंद कर, त्याचे निरोप मात्र पुसू नकोस, पुरावा राहू दे. आणि आपल्या वकिलातीला विचार आता काय करायचं ते. पैसे दिले असशील तर मला सांग. तुझ्या आईला सांगू नकोस, तिला झोप येणार नाही. जेवढे गेले तेवढे मी पाठवतो, पेन्शन वेळेवर येते. मिलानच्या गाडीचं भाडंही त्यातच धर. सांगायला घाबरू नकोस, रागवायचं होतं ते वर रागावून झालं.

तुझा,
मामा