नालदेहरा : डोंगरावरील गोल्फ आणि गिरिस्थानांना बोध

थंड हवेच्या ठिकाणी सुट्टीसाठी जाणारे बहुसंख्य प्रवासी निसर्गशोभा पाहून परततात. काही मात्र तेथे खेळाचाही आनंद घेतात. सिमल्यापासून सुमारे २२ किलोमीटरवरील नालदेहरा हे अशा खेळाचे जुने ठिकाण होय. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून अधिक उंचीवर, देवदारांच्या राईत येथील गोल्फचे मैदान पसरले आहे. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झन यांना या स्थळाचा इतका लळा होता की, १९०४ मध्ये जन्मलेल्या आपल्या कन्येच्या नावात त्यांनी ‘नालदेरा’ हा शब्द गुंफला. मैदानाची उभारणीही त्यांच्याच पुढाकाराने झाली.

खेळाची रीत

ठरावीक जागेवरून काठीने चेंडू टोलवीत तो दूरच्या छोट्या खळग्यात घालावयाचा. ज्याचे टोले कमी, तो विजयी. पूर्ण डाव १८ खळग्यांचा असतो. निष्णात खेळाडूस किती टोले लागावेत याचे प्रमाण ठरलेले असून त्यास ‘पार’ म्हणतात.

डोंगरावर हा हिशेब बदलतो. २,००० मीटर उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ एक-पंचमांशाने विरळ असते. तिचा अवरोध घटल्याने चेंडू अधिक लांब जातो. परंतु उलट्या फिरकीमुळे त्यास मिळणारी उचलही कमी होते. शिवाय चढावर टोला अपुरा पडतो, तर उतारावर चेंडू घरंगळतो. म्हणून येथे बळापेक्षा अंदाज श्रेष्ठ ठरतो.

पाण्याचा प्रश्न

अशी हिरवळ राखावयाची तर पाणी हवे. २०१८ च्या मे महिन्यात ऐन हंगामात सिमला शहरात तीव्र पाणीटंचाई उद्भवली आणि नागरिकांना टँकरपुढे रांगा लावाव्या लागल्या. पर्यटकांची गर्दी आणि झऱ्यांचा आटण्याचा काळ एकच असतो, हे त्यामागील एक कारण. आपल्याकडेही मुसळधार पावसाच्या डोंगरमाथ्यावरील गावे उन्हाळ्यात तहानलेली असतात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले, ते अशाच विचाराने.

यास्तव क्रीडामैदान वा विहारस्थळ यांचा प्रस्ताव आल्यास पंचायतीने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. उन्हाळ्यात पाणी कोठून येणार आणि शुद्ध केलेले सांडपाणी वापरता येईल काय? झाडे व गुरचरण अबाधित राहील काय? गावातील किती हातांना बारमाही काम मिळेल? पाहुण्याची हिरवळ गावाच्या घागरीवर पोसली जाऊ नये, एवढी दक्षता घेतली तर खेळ आणि गाव दोन्ही सुखाने नांदतील.