कान्हेरीच्या पायऱ्यांवरचा धडा

सबमिशन संपलं की आपली पावलं मॉलकडे वळतात. या वेळी आम्ही होस्टेलचे चौघं बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो. फाटकापासून कान्हेरी लेणी साधारण ६ किलोमीटर. चालतच निघालो आणि अर्ध्या वाटेतच पाण्याच्या बाटल्या संपल्या!

वर पोचल्यावर मात्र डोळे उघडले. बौद्ध भिक्खूंनी बेसाल्टच्या टेकडीत शंभराहून अधिक लेणी खोदली. सुरुवात सुमारे २००० वर्षांपूर्वीची. अनेक लेण्यांशेजारी पाण्याचं टाकं, म्हणजे पोढी. कातळात कोरलेल्या पन्हळीतून पावसाचं पाणी त्यात उतरतं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार!

जंगलही हेच करतं. मुळं आणि पालापाचोळा पाणी अडवतात, जिरवतात, मग हळूहळू ओढ्यांना सोडतात. इथलेच विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) तलाव आजही मुंबईची तहान भागवतात. विहार भरून वाहिला की ते पाणी मिठी नदीत जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वरच्या उतारावर जंगलच नसेल, तर पाणी थांबणार कुठे?

परतताना रिकामी बाटली झुडपात भिरकवायला माझा हात उठला होता. पन्हळ आठवली, बाटली बॅगेत गेली.

तुम्हीही जा. सोमवारी उद्यान बंद असतं. शिलोंडाच्या वाटेवर वाटाड्या घ्या. आणि हो, पाणी जास्त न्या!