परदेशी उपचार : हॉस्पिटलचा आकडा आणि आपली वही

या पानावर आपण नेहमी भांडवल, उधारी, सुताचे भाव आणि करांचे नियम यांविषयी वाचतो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो व्यापाराच्या बाहेरचा नाही. घरात मोठे आजारपण आले, डॉक्टरांनी परदेशाचे नाव काढले, की माणूस आधी तिजोरी उघडतो आणि मग हिशेब करतो. आपल्यापैकी अनेकांची तिजोरी आणि दुकानाचा गल्ला एकच असतो. म्हणून हा हिशेब आधी कसा करावा, हे आम्ही आमच्याच अनुभवावरून सांगणार आहोत. त्यात आमच्या चुकाही आल्या.

२०१५ च्या अखेरीस आमच्या थोरल्या बंधूंच्या कवटीच्या तळाशी गाठ निघाली. डॉक्टर तिला कोर्डोमा म्हणतात. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. परंतु मेंदूच्या मुख्य नाडीला लागून असलेला भाग काढता आला नाही. उरलेल्या गाठीसाठी प्रोटॉन किरणोपचार घ्यावा, असा सल्ला मिळाला. नेहमीचे किरण गाठीच्या पलीकडेही जातात, प्रोटॉनचे किरण ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे नाजूक जागी ते उपयोगी पडतात. त्या वेळी भारतात ही सोय नव्हती. जर्मनीतल्या एका केंद्राकडून अंदाजपत्रक आले. एप्रिल २०१६ मध्ये भाईजान, भाभी आणि आम्ही असे तिघे निघालो. भिवंडीतील ग्रे कापडाची पेढी बावीस वर्षांच्या पुतण्याच्या हाती दिली.

आधी आपल्याच देशात विचारा

अंदाजपत्रकाच्या आधीची पायरी ही, की उपचार खरोखरच बाहेरच मिळतो का? आम्हाला २०१६ मध्ये जावे लागले. पुढे जानेवारी २०१९ मध्ये चेन्नईत प्रोटॉन केंद्र सुरू झाले, आणि २०२३ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रातही ही सोय झाली. भिवंडीहून खारघर किती दूर, हे सांगायला नको. रक्ताच्या काही कर्करोगांवरील कार-टी पेशी उपचाराचेही तसेच. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या अशा उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर ठेवली होती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या उपचाराला आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हा दहा वर्षांपूर्वी कोणी परदेशी गेला होता, एवढ्यावर निर्णय घेऊ नका. मोठ्या सरकारी वा धर्मादाय संस्थेतील डॉक्टरांचे दुसरे मत घ्या. दुसऱ्या मताचा खर्च हा सगळ्या अंदाजपत्रकातला सर्वांत स्वस्त खर्च आहे.

अंदाजपत्रक म्हणजे पूर्ण बिल नव्हे

आमची पहिली चूक येथे झाली. हॉस्पिटलचा आकडा आला, त्यात आम्ही विमानाची तिकिटे मिळवली आणि तेवढी रक्कम उभी केली. एखाद्या कारखानदाराने सुताचा भाव धरून कापडाचा भाव काढावा, आणि सायझिंग, वीज, मजुरी विसरून जावी, तसा हा प्रकार होता.

प्रोटॉनचा उपचार रुग्णाला दाखल न करता होतो. आठवड्यातून पाच दिवस रोज जायचे, आणि आमच्या बाबतीत हे साडेसात आठवडे चालायचे होते. त्याआधी तपासण्या आणि मुखवट्याचे माप यांसाठी एक आठवडा गेला. म्हणजे खाटेचे भाडे हॉस्पिटलला नाही, तर घरमालकाला द्यायचे! त्यात ५ मे आणि १६ मे या तिकडच्या सुट्ट्या आल्या, दोन दिवस यंत्र दुरुस्तीला गेले, मध्येच भाईजानना ताप आला. एकूण नऊ दिवस वाढले. हॉस्पिटलने कागदावर लिहिले होते की, अंदाज बदलू शकतो. ती ओळ आम्ही वाचली होती, तिच्यासमोर रक्कम मात्र लिहिली नव्हती.

परत आल्यावर आम्ही सर्व पावत्या मांडून हिशेब केला. एकूण खर्च १०० रुपये धरला तर तो असा निघाला : हॉस्पिटलचे अंदाजपत्रक ६२, राहणे व जेवण १४, प्रवास व व्हिसा ५, कागदांचे भाषांतर व दुभाषी ३, चलनबदल व बँकेचे आकार ३, वाढलेले दिवस व जादा तपासण्या ७, आणि परतल्यानंतर वर्षभरातील एमआरआय व औषधे ६. म्हणजे हॉस्पिटलच्या दर ६२ रुपयांमागे ३८ रुपये इतरत्र गेले. हॉस्पिटलने १०० सांगितले तर आमच्यासारख्या लांबलचक उपचारात १६० ची जुळणी हवी. शस्त्रक्रियेचे प्रकरण असेल तर राहण्याचा खर्च कमी होईल, पण अतिदक्षता विभागातील वाढीव दिवसांसाठी राखीव रक्कम मोठी लागेल. हॉस्पिटलला लेखी विचारा : या आकड्यात डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधे, रोपण वस्तू आहेत का? एक दिवस वाढला तर दर काय? उरलेली ठेव किती दिवसांत आणि कोणाच्या खात्यात परत येईल?

राहण्यासाठी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली आठवड्याच्या भाड्याने घ्या. जर्मनीच्या शहरांत तुर्की दुकाने असल्याने आम्हाला हलाल मांस आणि डाळ-तांदूळ सहज मिळाले. भाभींनी चूल सांभाळली म्हणूनच तो खर्च १४ वर थांबला.

व्हिसासाठी प्रवास विमा घ्यावा लागतो. शेंगेन देशांसाठी तो किमान ३०,००० युरोचा हवा. पण तो अचानक आलेल्या आजारासाठी असतो, ठरवून घेतलेल्या उपचाराचा खर्च तो देत नाही. आपल्या नेहमीच्या आरोग्य विम्यातही बहुधा परदेशी उपचार नसतो. पॉलिसी काढून वाचा, एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नका.

पैसा पेढीच्या खात्यातून जात नाही

ही दुसरी चूक, आणि प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी. आम्ही रक्कम पेढीच्या चालू खात्यात जमवली होती. बँकेने पाठवण्यास नकार दिला, आणि ते बरोबरच होते. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना ही व्यक्तींसाठी आहे. भागीदारी पेढी, कंपनी वा हिंदू अविभक्त कुटुंबाला ती लागू नाही. पैसे आधी भागीदाराच्या वैयक्तिक खात्यात घ्यावे लागले, त्यात चार दिवस गेले आणि तेवढ्यात युरो चढला. शिवाय ही रक्कम पेढीच्या वहीत उचल म्हणूनच लिहावी, व्यापाराचा खर्च म्हणून लिहू नये.

या योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. उपचारासाठी डॉक्टरांचे किंवा हॉस्पिटलचे अंदाजपत्रक दाखवून त्याहून जास्तही पाठवता येते. पॅन कार्ड आवश्यक. रोख परकीय नोटा साधारणपणे एका प्रवासाला ३,००० डॉलरइतक्याच मिळतात, बाकी कार्डावर घ्याव्यात.

आमच्या वेळी नसलेला एक भाग आता आला आहे. ऑक्टोबर २०२० पासून अशा रकमेवर बँक टीसीएस कापते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरलेल्या दराने उपचारासाठी पाठवलेल्या पहिल्या १० लाखांवर काही नव्हते, त्यावरील रकमेवर ५ टक्के होते. त्या दराने ४० लाख पाठवले तर ३० लाखांवर दीड लाख होत. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरताना प्राप्तिकरात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत तो अडकतो, म्हणून जुळणीत धरा. अर्जावर पाठवण्याचे कारण वैद्यकीय उपचार असेच लिहिले आहे ना, हे पाहा. इतर कारणांसाठी दर कितीतरी जास्त आहे. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, त्यामुळे पाठवण्याच्या दिवशी बँकेत विचारून घ्या.

वर्तमानपत्रातला युरोचा भाव हा आपला भाव नव्हे. बँक आपले अंतर ठेवते. दोन-तीन बँकांचे भाव विचारा, आणि मधल्या बँकांचे आकार आपणच भरू असे लिहून द्या, नाहीतर हॉस्पिटलला रक्कम कमी पोहोचते आणि तारीख पुढे जाते. चढउतारासाठी ५ टक्के वेगळे ठेवा.

दुकानाचा खर्चही यातच धरा

तिसरी चूक सर्वांत महागात पडली, आणि ती आमच्या कोणत्याही पावतीत नव्हती. एप्रिल-मे म्हणजे त्या वर्षीच्या ईदआधीचा खरेदीचा हंगाम. आम्ही गेलो, तेव्हा पेढीत फक्त तागे उरले होते, रोख नव्हती. भाईजान सही करणारे भागीदार; बँकेत सहीचा बदल केला नव्हता. मे महिन्यात पुतण्याला यंत्रमागावरच्या कारागिरांची पंधरवड्याची मजुरी तीन आठवडे उशिरा द्यावी लागली. दोघे जुने कारागीर दुसरीकडे गेले. त्यांच्या घरीही आजारपण असते, हे आम्हाला जर्मनीत बसून फोनवर कळले. आजही त्याची लाज वाटते.

जादा दिवसांसाठी सुताच्या व्यापाऱ्याकडून आणि एका नातेवाइकाकडून उसने घेतले. दिवाळीनंतरच्या वसुलीतून देऊ, असा शब्द दिला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी झाली, बाजार थांबला, वसुली थांबली. शब्द पाळायला पुढचे दीड वर्ष लागले. नातेवाइकांनी एकदाही मागितले नाही. पण त्या दीड वर्षात आम्ही त्यांच्या घरी जेवायला गेलो नाही.

म्हणून निघण्यापूर्वी सहीचा अधिकार लेखी द्या. जीएसटी विवरण, वीज बिल आणि मजुरी यांच्या तीन महिन्यांच्या रकमा वेगळ्या काढा. उसने घेतले तर तारीख व रक्कम लिहून द्या, आणि परतफेड एकाच हंगामावर टांगू नका. कोणी जकातीची रक्कम दिली तर तिची वही वेगळी ठेवा.

तीन आकडे

निघण्याच्या आदल्या रात्री भाईजाननी आम्हाला बोलावून घेतले. म्हणाले, "दोन गाळ्यांपैकी एक विकावा लागला तर विक. राहते घर आणि लोकांचा पैसा, याला माझ्यासाठी हात लावू नकोस." आम्ही ती गोष्ट टाळली. रुग्णासमोर हिशेब कसा करायचा, असे वाटले. ही चौथी आणि मोठी चूक. रुग्णाला आपल्या खर्चाची हद्द ठरवण्याचा हक्क असतो, आणि ठरवली की त्याच्या मनावरचे ओझेही उतरते. कारागिरांची मजुरी हा लोकांचाच पैसा होता, हे आम्हाला मे महिन्यात उमगले.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे लिहा. पहिला, सर्व धरून खर्च. फक्त हॉस्पिटलचा नव्हे. दुसरा, तो कोठून येणार. तिसरा, जी रक्कम कोणत्याही परिस्थितीत मोडायची नाही ती. तिसरा आकडा रुग्णासह घरच्या सर्वांसमोर लिहा. पहिला आणि तिसरा एकमेकांना भिडत असतील तर तिकीट काढण्यापूर्वी पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि दुसरा मार्ग विचारा.

भाईजान आज ठीक आहेत. एका कानाने कमी ऐकू येते, ठरावीक काळाने एमआरआय होतो, त्याची रक्कम आता वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला निघते. दुपारपर्यंत ते गादीवर बसतात. पंधरवड्याची मजुरी ते स्वतःच्या हाताने वाटतात, एक दिवसही उशीर होऊ देत नाहीत.