नव्या गड्यासाठी थांबावे का?

नवा खोंड आपण पहिल्याच दिवशी जड नांगराला जुंपतो का? नाही. आधी त्याला हलक्या औताला धरतो. शेजारी जाणता बैल देतो. खोंड वाकडा चालला तर तास बिघडते. पण तेवढ्यावरून कोणी त्याला बाजार दाखवत नाही.

खेळातही हाच प्रश्न येतो. बास्केटबॉलची गोष्ट बघा. या खेळात एका बाजूला पाच गडी असतात. मैदानाच्या दोन्ही टोकांना दहा फूट उंचीवर लोखंडी कडे असते. त्यातून चेंडू टाकला की गुण मिळतात. अमेरिकेत या खेळाचे मोठे पगारी संघ आहेत. ते दरवर्षी नवी पोरे निवडतात.

२०१३ साली मिलवॉकी शहराच्या संघाने यानिस अँटेटोकुंपो हा १८ वर्षांचा पोरगा घेतला. त्याचे आईबाप नायजेरिया सोडून पोटासाठी ग्रीस देशात आलेले. घरी गरिबी. पोरे अथेन्सच्या रस्त्यांवर घड्याळे, चष्मे विकत. यानिस उंच होता, चपळ होता, पण कच्चा होता. त्याच्या आधी १४ गडी निवडले गेले, मग त्याचा नंबर लागला.

त्या हंगामात संघाने १५ सामने जिंकले आणि ६७ गमावले. यानिसचे गुण सामन्यामागे सातसुद्धा भरले नाहीत. तिकीट काढून आलेल्या माणसाला राग येणारच! पण संघाने त्याला काढले नाही. नुसती वाटही बघितली नाही. त्याला बहुतेक सामन्यांत उतरवले. हळूहळू जास्त काम दिले. चौथ्या हंगामात त्याचे गुण सामन्यामागे जवळजवळ २३ झाले. २०१९ आणि २०२० साली तो साऱ्या स्पर्धेतला उत्तम गडी ठरला. २०२१ साली अखेरच्या सामन्यात त्याने एकट्याने ५० गुण केले. संघाला ५० वर्षांनी अजिंक्यपद मिळाले.

मग प्रत्येकासाठी असेच थांबावे का? तसेही नाही. २०१३ सालीच सर्वांत आधी निवडलेला गडी होता अँथनी बेनेट. त्याच्या संघाने त्याला एका हंगामानंतर दुसरीकडे दिले. पुढे तो आणखी काही संघांत खेळला, पण त्याचा जम बसला नाही.

मग ओळखावे कसे? आम्हाला वाटते, आज गुण किती केले एवढेच पाहू नये. कालच्यापेक्षा तो आज पुढे आहे का? चूक दाखवली तर सुधारतो का? मेहनत करतो का? हे पाहावे. संघानेही स्वतःला विचारावे: आपण शिकवणारा दिला का? खेळायला दिले का? पोराला बाकावर बसवून ठेवायचे आणि तो वाढला नाही म्हणायचे, हा न्याय नव्हे.

धीर धरणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. खोंडाला वैरण घालावी लागते, रोज औताला धरावे लागते. तेव्हा कुठे तो सरळ तास धरतो.

प्रश्न
१. पहिल्या हंगामात यानिसच्या संघाने किती सामने गमावले?
२. संघाने त्याच्यासाठी काय काय केले?
३. तुमच्या हाताखाली नवा माणूस आला तर त्याला किती दिवस द्याल? का?