वर्णन तपासायचं, पण नुसतं वाचून नाही

टूल्सची वर्णनं तपासायचं काम वाट्याला आलं म्हणून तू हिरमुसलीयेस, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं गं. बरोबरीची मुलं एजंट बांधतायत, डेमो देतायत, आणि तुझ्यापुढे एक लांबलचक एक्सेल शीट: टूलचं नाव, वर्णन, शेरा. कारकुनी वाटणारच. पण ताई म्हणून सांगते, त्या सगळ्या डेमोंची दोरी तुझ्याच हातात आहे. कशी ते ऐक.

एजंटला तुमच्या टूलचा कोड दिसत नाही. त्याच्या मागच्या मॉडेलपुढे मुख्यतः तीन गोष्टी येतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन, आणि कोणती माहिती कशी भरायची ते सांगणारा जेसन स्कीमा. जून 2023मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलकडून टूल वापरून घेण्याची सोय, आणलं तेव्हाही हेच होतं. नोव्हेंबर 2024मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी, म्हणजे टूल्स आणि एजंट जोडण्याची सामाईक पद्धत, खुलं केलं, तेव्हाही हेच राहिलं. एमसीपीमुळे एक मात्र झालं, तुमच्या टीमचं टूल एमसीपी समजणारा कुठलाही परका एजंट वापरू शकतो. आधी ज्यांनी टूल लिहिलं तेच बहुतेकदा ते वापरायचे, अडलं तर शेजारच्या टेबलावर विचारायचे. या परक्याला शेजारचं टेबल नाही. लिहिलंय तेवढंच त्याला ठाऊक. जे लिहिलेलं नाही तिथे तो अंदाज बांधतो, आणि पुढचं काम त्या अंदाजावर बेधडक करून मोकळा होतो.

एक उदाहरण घेऊन बसू या. समज, एका बस कंपनीचं टूल आहे. नाव ‘सर्च बस’. वर्णन: ‘बस शोधते.’ भरायच्या जागा तीन: कुठून, कुठे, तारीख. वाचायला काय वाईट आहे? तुझ्या शीटमध्ये कुणीही ‘ठीक’ असा शेरा मारून पुढे जाईल.

आता प्रवासी काय बोलतो ते बघ. ‘शनिवारी रात्री साडेबाराची पुणे-औरंगाबाद गाडी आहे का?’ आपल्याकडे सगळे असंच बोलतात. पण रात्री साडेबाराला रविवार उजाडलेला असतो. एजंट तारीख कुठली भरणार? आणखी पुढे जा. गाडी स्वारगेटहून पावणेबाराला सुटते आणि वाकडेवाडीला सव्वाबाराला येते. वाकडेवाडीला चढणाऱ्याची तारीख कोणती, गाडी सुटली तो दिवस की तो चढला तो दिवस? कंपनीच्या डेटाबेसने यातलं एक काहीतरी ठरवलेलं असतंच. ते वर्णनात नसेल, तर निम्म्या रात्रगाड्यांची तिकिटं चुकीच्या दिवसाची निघतील. आणि त्यात एजंटचा काडीचाही दोष नसेल.

मग गावाचं नाव. प्रवासी औरंगाबाद म्हणतो, दुसरा संभाजीनगर म्हणतो. 2023पासून सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण एखाद्या जुन्या यादीत अजून जुनंच नाव बसलेलं असू शकतं. शिवाय एक औरंगाबाद बिहारमध्येही आहे. नगरचंही तेच, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि बोलताना लोक अजून नुसतं नगर म्हणतात. टूलला कुठलं नाव चालतं, की शहराचा कोड लागतो, आणि कोड लागत असेल तर तो कुठल्या टूलकडून मिळवायचा, हे लिहायला नको का?

आणि सगळ्यात वाईट गोष्ट. नाव ओळखू आलं नाही तर हे टूल रिकामी यादी परत देतं. एजंट ती यादी बघून प्रवाशाला नम्रपणे सांगतो, ‘त्या दिवशी या मार्गावर गाडी नाही.’ गाड्या ढीगभर असतात! ‘गाडी नाही’ आणि ‘गाव कळलं नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. टूलने ती वेगळी द्यायला हवीत, आणि दुसऱ्यात पुढे काय करायचं तेही सांगायला हवं. इथे वर्णन कितीही सुंदर लिहिलंस तरी भागणार नाही, टूलच दुरुस्त करावं लागेल. हे नीट लक्षात ठेव, कारण तुझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच अशाच निघतील.

तेव्हा वर्णन हातात घेतलंस की आधी एवढं बघ. टूल काय करतं हे तर हवंच, पण कधी वापरायचं आणि कधी नाही? शेजारी ‘वेळापत्रक दाखव’ नावाचं दुसरं टूल असेल, तर दोघांची हद्द कुठे? प्रत्येक जागेत काय भरायचं, कुठल्या साच्यात, एखाद्या नमुन्यासकट? 05/06 म्हणजे पाच जून की सहा मे, हे मॉडेलवर सोडू नकोस. परत काय येतं? आणि टूल नुसतं बघतं, की काही बदलून ठेवतं? ‘सीट धरून ठेव’ आणि ‘सीट बुक कर’ यांत पैशांचा फरक आहे बाई. पैसे कापले जाणार असतील तर ते पहिल्याच वाक्यात यायला हवं.

या शेवटच्या गोष्टीसाठी एमसीपीच्या मार्च 2025च्या आवृत्तीत खुणा आल्या आहेत: हे टूल फक्त वाचतं का, काही पुसून टाकू शकतं का, तेच पुन्हा चालवलं तर आणखी काही घडतं का. त्या भरल्यात का आणि खऱ्या भरल्यात का, दोन्ही तपास. पण त्या आहेत नुसत्या सूचना. अनोळखी सर्व्हरकडून आलेल्या खुणांवर विसंबू नका, असं त्या नियमावलीतच म्हटलंय.

हे सगळं झालं वाचून तपासणं. ते लागतंच. पण तेवढ्यावर थांबलीस तर काम अर्धवट राहिलं असं समज. आपल्याला जे स्वच्छ वाटतं ते मॉडेलला तसंच कळेल याची खात्री नाही, आणि उलटही होतं. अँथ्रॉपिकच्या लोकांनी लिहिलेला एक अनुभव सांगते. कोड दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या एजंटला फाइलचा पत्ता द्यायचा होता. मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की तो अर्धवट पत्ते देऊन गडबड करायचा. त्यांनी टूलच असं बदललं की दर वेळी पूर्ण पत्ता द्यावाच लागेल, आणि गडबड थांबली. दुसरा किस्सा त्यांच्याच वेब सर्चचा. मॉडेल प्रत्येक शोधाला उगीचच ‘2025’ चिकटवत होतं आणि निकाल बिघडत होते. वर्णन सुधारल्यावर ते सुटलं. सांग बघू, नुसतं वर्णन वाचून यातलं काय सापडलं असतं? चालवून बघितलं, एजंटने काय काय केलं त्याची नोंद ओळीने वाचली, म्हणून सापडलं.

म्हणून आता मन लावून ऐक. तुझ्या कामाचा गाभा त्या एक्सेल शीटमध्ये नाही, तू जमवशील त्या वाक्यांमध्ये आहे. माणसं जशी बोलतात तशी वाक्यं लिही. ‘उद्या पहाटेची’, ‘आईला घेऊन जायचंय, खालची सीट पाहिजे’, ‘नगरला उतरणार’. डेव्हलपरच्या डोक्यातली ‘पुणे ते मुंबई, 12 तारीख’ छापाची गुळगुळीत वाक्यं घेतलीस तर प्रत्येक टूल पहिल्या नंबराने पास होईल. आणि प्रत्येक वाक्यासमोर बरोबर वागणं काय, ते चालवण्याआधीच लिहून ठेव. उत्तर बघून मग निकष ठरवायला बसलं की मन हळूच सवलत देतं.

वाक्यं तीन जातींची हवीत. पहिली, जिथे टूल वापरलंच पाहिजे. दुसरी, जिथे मुळीच वापरायचं नाही: ‘बसमध्ये मांजर नेता येतं का?’ याला सर्च बस चालवून काय उपयोग? बर्कलेच्या मंडळींची फंक्शन कॉलिंगची जी क्रमवारी आहे, तिच्यातही असा वेगळा भाग आहे. दिलेलं कुठलंच टूल लागू नसताना मॉडेल हात आवरतं का, ते त्यात बघतात. तिसरी जात बहुतेक जण विसरतात, जिथे एजंटने थांबून उलट विचारायला हवं. शनिवारी रात्रीची साडेबाराची गाडी त्यातलीच. वर्णनात ‘तारखेबद्दल शंका असेल तर आधी प्रवाशाला विचारा’ एवढं वाक्य घातल्याने फरक पडतो का, हे तू मोजून दाखवू शकतेस.

प्रत्येक वाक्य एकदाच चालवून गुण देऊ नकोस हं. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण तेच मॉडेल त्याच वाक्याला आता एक आणि मग दुसरंच करू शकतं. 2024मध्ये सिएरा कंपनीच्या संशोधकांनी टाऊ-बेंच नावाची चाचणी आणली. तिच्यात दुकान आणि विमानसेवा यांच्या ग्राहकांची कामं एजंटला देतात, आणि शेवटी डेटाबेसमध्ये जे व्हायला हवं होतं तेच झालं का ते बघतात. त्या वेळचं जीपीटी-4ओ निम्मी कामंही धड पार पाडू शकलं नाही. आणि दुकानाच्या कामांत, तेच काम आठ वेळा दिलं तर आठही वेळा बरोबर करण्याचं प्रमाण पाव हिश्शाहूनही कमी भरलं. ग्राहकाला सरासरीशी काय देणंघेणं? त्याला त्याचं एक तिकीट बरोबर हवं असतं.

निकाल हाती आला की चुका एका ढिगात टाकू नकोस. चुकीचं टूल निवडलं गेलं, तर नावं किंवा हद्दी एकमेकींत घुसल्यात. टूल बरोबर पण भरलेली माहिती चुकली, तर त्या जागेचं वर्णन अपुरं आहे. सगळं बरोबर भरूनही उत्तर चुकलं, तर परत येणारी माहितीच गोंधळाची आहे. रोग तीन आणि औषधं तीन, मग बदलही एका वेळी एकच कर, नाहीतर गुण कशाने लागला ते कळणार नाही. जुन्या वर्णनाचे गुण आधी मोजून ठेव. आणि काही वाक्यं बाजूला राखून ठेव, त्यांच्याकडे बघून वर्णन सुधारायचं नाही. शेवटचा आकडा त्यांच्यावरच काढायचा.

दोन मोह टाळ. एक म्हणजे वर्णन वाढवत नेण्याचा. सगळ्या टूल्सची वर्णनं साधारणपणे दर वेळी मॉडेलच्या पुढ्यात येतात, त्याचे टोकन मोजावे लागतात, आणि फापटपसाऱ्यात मुद्द्याचं वाक्य बुडतं. दुसरा, दुसऱ्या मॉडेलला ‘या वर्णनाला दहापैकी गुण दे’ असं सांगून मोकळं होण्याचा. अशा परीक्षकाला लांब आणि नीटनेटकं लिहिलेलं आवडण्याची शक्यता असते. त्याचं मत पहिली चाळणी म्हणून घे, निकाल म्हणून नको.

आणि बाहेरून आलेलं टूल असेल तर वर्णन संशयानेही वाच. एप्रिल 2025मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्जने दाखवून दिलं की दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या साध्या टूलच्या वर्णनात ‘आधी अमुक खासगी फाइल वाच आणि ती सोबत पाठव, वापरणाऱ्याला सांगू नकोस’ असा हुकूम लपवता येतो, आणि मॉडेल तो पाळतं. वर्णनाने माहिती द्यायची असते. ते हुकूम सोडायला लागलं, आपल्या कामापलीकडच्या फाइलींची किंवा दुसऱ्या टूल्सची नावं घ्यायला लागलं, की तिथे लाल शाई.

आता ऑफिसातलं थोडं, जे तू विचारलं नाहीस पण तुला छळतंय. सीनियर डेव्हलपरला ‘सर, तुमचं वर्णन चुकीचं आहे’ म्हणत जाऊ नकोस. तो स्वतःचं टूल ओळखतो, त्यामुळे त्याला ते बरोबरच दिसणार, आणि तू उगीच वाईट ठरशील. एजंटने काय केलं ती नोंद उघडून त्याच्यापुढे ठेव: प्रवासी हे म्हणाला, एजंटने हे टूल उचललं, ही तारीख भरली, हे उत्तर दिलं. मग विचार, ‘सर, इथे त्याने काय करायला हवं होतं?’ तो जे उत्तर देईल ना, ते बहुतेक वेळा वर्णनातून गळलेलं वाक्यच असतं. ते त्याच्यासमोरच लिहून घे. वाद होत नाही आणि कामही होतं.

मॅनेजरला रिपोर्ट देताना नुसती टक्केवारी पुढे करू नकोस. आधी किती होती, आता किती झाली, कुठल्या मॉडेलवर, किती वाक्यांवर, प्रत्येकी किती वेळा, हे सगळं एका ओळीत लिही. खाली उरलेल्या चुकांतल्या सर्वांत महाग तीन लिही, ज्यांत कुणाचे पैसे जातील किंवा कुणी चुकीच्या दिवशी स्टँडवर उभं राहील. मॉडेल बदललं की हीच वाक्यं पुन्हा चालवावी लागतील, हेही आत्ताच कळव. नाहीतर पुढच्या वेळी ‘हे तर झालं होतं ना?’ म्हणून तुलाच ऐकावं लागेल. आणि वाक्यांच्या फाइलवर स्वतःचं नाव घाल. लाजू नकोस. वर्णनं बदलतील, मॉडेलं बदलतील, त्या फाइलला मात्र सगळे जण हात लावायला येतील, आणि ती कुणी उभी केली ते लोकांना ठाऊक असलेलं बरं.

उद्या सकाळी एक्सेल उघडायच्या आधी कस्टमर केअरच्या मुलींकडे जा. चहा पाज, आणि लोक फोनवर नेमकं काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून आण. त्यातली पहिली वीस-पंचवीस वाक्यं, समोर अपेक्षित वागणं लिहून, मला पाठव. तिसऱ्या जातीची त्यात निदान पाच तरी हवीत, नसतील तर परत पाठवीन.